विमलताईंचं जाम इंजिन

पहिल्याच भेटीत विमल पांढरीपांडे यांनी माझ्या छातीला पेचकस लावला होता. पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. भोपाळात राहून राहून आमच्या मराठीत असले शब्द कायमचे मुक्कामाला आले आहेत. मी इंद्रपुरीत त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे का ते विचारायला गेलो होतो. मे महिन्याचं ऊन, मी धापा टाकत फाटकातून आत शिरलो, तर या बाई अंगणातल्या पाण्याच्या मोटारीला हातभर लांब पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावून बसलेल्या. माझं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. उठल्या, तोच पेचकस माझ्या शर्टाच्या खिशावर टेकवला, कान लावला, दहाएक सेकंद ऐकलं अन् म्हणाल्या, "व्हॉल्व्ह चांगले आहेत. चालणं कमी आहे." मी इतका हादरलो की वर जाऊन खोल्या बघायच्याच राहिल्या. न बघताच हो म्हणून घरी आलो.

मला धक्के लवकर बसतात, हे आधीच कबूल करतो. माझी बायको सुनीता म्हणते की कुकरच्या शिट्टीलाही मी दर वेळी नव्यानं दचकतो. सरकारी कार्यालयात फायलींच्या सावलीत वाढलेला माणूस मी, मला काही अचानक झालेलं सोसत नाही. पण बाप्पा, तुम्ही नऊ वर्षं विमलताईंच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहून दाखवा. तुमचंही माझ्यासारखंच होईल.

ताई इथल्या मोठ्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होत्या. कारागिरांनी बनवलेला प्रत्येक भाग यांच्या टेबलावर यायचा, आणि केसाएवढी खोट दिसली तरी त्यावर लाल खडूची फुली पडायची. मग तोंडानं एकच शब्द, "रिजेक्ट." लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाही तोच शब्द ऐकायला मिळाला असता. निवृत्त झाल्या, पण खडू काही सुटला नाही. गणपतीत मोहल्ल्याच्या मंडपाच्या एका बांबूवर त्यांनी आरतीच्या अर्धा तास आधी लाल फुली मारली होती. अध्यक्षसाहेब चिडले, आवाज चढला, पण शेवटी बांबू बदलून आणला तेव्हाच आरती झाली. आमच्या स्कूटरच्या मागच्या टायरवर आजही एक फुली आहे. टायर बदलला तर नव्या टायरवर दुसरी पडेल या भीतीनं मी तो बदललेला नाही.

सुनीतानं एकदा नारळाच्या वड्या पाठवल्या. ताईंनी कपाटातून मोजमापाचं ते चिमट्यासारखं उपकरण काढलं, वडी त्यात धरली आणि मला सांगितलं की एका बाजूला दोन मिलिमीटर जाड आहे. चवीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ते माझं खातं नव्हतं. सुनीतानं दोन महिने खाली काही पाठवलं नाही. तिसऱ्या महिन्यात पाठवलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावलो तर बायको मुलीची फूटपट्टी घेऊन वड्या पाडत होती. मी दारातच खिळून राहिलो.

आजूबाजूचे सगळे हिंदीवाले. त्यांच्या जिभेला एवढं लांब आडनाव पेलत नाही, म्हणून ते 'पांडे मैडम' म्हणतात. ताई दर वेळी थांबवतात, पूर्ण आडनाव म्हणवून घेतात, आणि मगच पुढचं ऐकतात. एका कुरिअरवाल्याला त्यांनी भर दुपारी फाटकात चार वेळा म्हणायला लावलं होतं. पाचव्यांदा तो बिचारा पाकीट ठेवून पळाला.

तर माणसांशी त्यांचं हे असं. दूधवाला, मीटरवाला, समोरचे निवृत्त प्राचार्य, कुणाची सुटका नाही. दूधवाल्याशी तर रोज सकाळी फाटकाशी दहा मिनिटं वाजणारच. पण वस्तू हातात आली की या बाई पार बदलतात. बरणीचं झाकण अडकलं तर त्या बरणीला उन्हात ठेवतात, बोटानं तेल लावतात, संध्याकाळपर्यंत वाट बघतात. मी एकदा जिन्याच्या गंजलेल्या कडीवर हातोडी उगारली तर त्यांनी माझं मनगट धरलं. "देशकर, जोर नाही लावायचा. वेळ द्यायचा." कडी तीन दिवसांनी आपणहून सरकली. तीन दिवस आम्ही जिन्याचं दार उघडं टाकून झोपलो, ते वेगळं.

आता गाडीकडे येतो. त्यांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक क्रीम रंगाची ॲम्बॅसेडर उभी होती. चारही टायर बसलेले, खाली विटा, आत मांजरींची बाळंतपणं. राहायला आलो त्याच वर्षी मी आपला भाबडेपणानं म्हणालो, ताई, ही कबाडीला देऊन टाकली तर जागा मोकळी होईल, माझी स्कूटरही आत लागेल. ताईंनी मला महिन्याभरात घर खाली करा म्हणून सांगितलं. मी रात्रभर तळमळलो. सकाळी त्याच वर आल्या, म्हणाल्या, राहा, पण त्या गाडीचं नाव काढू नका. मी नाही काढलं.

नाव निघालं ते यंदा जानेवारीत, आणि त्यांनीच काढलं. एका सकाळी फोन घेऊन वर आल्या अन् विचारलं, मराठीत टाइप करता येतं का. अनघाचा मेसेज आला होता.

अनघा कोण, हे सुनीतानं शेजारपाजारच्या बायकांकडून मागेच गोळा केलं होतं. ताईंच्या बहिणीची मुलगी. वडील आधीच गेलेले, सहा वर्षांची असताना आईही गेली, तेव्हापासून ताईंनीच वाढवली. गाडी चालवायलाही ताईंनीच शिकवली, याच ॲम्बॅसेडरवर. एकवीस वर्षांची असताना ती एकदा न विचारता गाडी घेऊन मैत्रिणींबरोबर सांचीला निघाली. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, तो तिला दिसला नाही, आणि भर रस्त्यात इंजिन जाम झालं. ट्रकला बांधून गाडी घरी आणली. त्या संध्याकाळी ताई तिला साऱ्या गल्लीसमोर म्हणाल्या होत्या, "तू ज्याला हात लावशील ते बंद पाडशील." आठवड्याभरात मुलगी पुण्याला निघून गेली. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न. लग्नाची छापील पत्रिका तेवढी पोस्टानं आली. ताई गेल्या नाहीत. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

मेसेज दोन ओळींचा होता. होळीनंतरच्या रविवारी कामासाठी भोपाळला येते आहे, तासभर घरी येऊ का. ताई खुर्चीत बसल्या आणि मला उत्तर सांगायला लागल्या. पेरूच्या झाडाचं लिहा. मागची भिंत पाडून नवी बांधली ते लिहा. वर देशकर म्हणून राहतात, माणूस साधा आहे पण घाबरट आहे. हेही मी निमूटपणे लिहिलं. अर्धा तास चाललं होतं. मग त्यांनी सगळं वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं आणि म्हणाल्या, "पुसा. नुसतं 'ये' लिहा." लिहिलं. त्यांनी स्वतःच्या बोटानं पाठवलं. मग फोन पदरानं पुसून दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि ते बघून मला जो धक्का बसला तो छातीला लावलेल्या पेचकसापेक्षा मोठा होता.

जिना उतरता उतरता त्या वळून म्हणाल्या, "ती यायच्या आत इंजिन फिरलं पाहिजे. एवढंच पाहिजे मला."

दुसऱ्याच दिवशी ताडपत्री निघाली. सत्तरी ओलांडलेली बाई, कारखान्यातला जुना खाकी कोट साडीवर घातलेला, आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेली. सगळी गल्ली फाटकाशी जमली. आतून उंदराचं घरटं निघालं, कुणाचा तरी मोजा निघाला, मधमाश्यांचं वाळलेलं पोळं निघालं. गाडी तर सोडाच, त्या जागेत पुन्हा माणूस वाकेल असंही मला वाटलं नव्हतं.

इंजिन जाम होणं म्हणजे काय, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. आत चार नळकांडी असतात आणि त्यांत चार दट्टे खालीवर होतात. ते दट्टे तिथेच गंजून चिकटले की पुढचं सगळंच ठप्प होतं. ताईंनी आधी नळकांड्यांवरचे चार प्लग काढले. तीन निघाले, चौथ्याला चार दिवस लागले. मग त्या चार भोकांत डिझेल आणि इंजिन ऑइल यांचं त्यांनी स्वतः ठरवलेलं मिश्रण सोडायला सुरुवात केली, तेही ड्रॉपरनं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. लहान मुलाच्या डोळ्यांत थेंब घालावेत तसं वाकून, एक डोळा मिटून. कुणी हाक मारली तर म्हणत, थांबा, औषध चाललं आहे. खाली ठिबकलं तर म्हणून एक जुनी परात सरकवून ठेवली होती. ती परात त्याच काढायच्या, त्याच पुसायच्या. गाडीखाली दुसऱ्या कुणी वाकलेलं त्यांना चालत नव्हतं.

पुढच्या बंपरमधल्या भोकातून हँडल आत घालून इंजिन हातानं फिरवता येतं. जुन्या गाड्यांना ती सोय असायची. इंजिनाच्या पुढच्या चाकावर खडूची एक रेघ, तिच्याच समोर बाहेरच्या लोखंडावर दुसरी. रोज सकाळी औषध झालं की ताई हँडलवर दोन हातांनी हलकाच भार टाकायच्या, पाचपर्यंत आकडे मोजायच्या, सोडायच्या आणि चष्मा लावून रेघा बघायच्या. रेघा समोरासमोर. मग वहीत 'नाही' लिहायच्या. एक महिना त्या वहीत दुसरा शब्द नव्हता.

शकीलभाई म्हणून एक गाडीमिस्त्री आहेत, आमच्या स्कूटरचे डॉक्टर. त्यांना मी गुपचूप बोलावून आणलं. त्यांनी सगळं बघितलं, पान थुंकून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "को खाँ, काय को परेशान हो रिये हो? गियर में डालो, ट्रैक्टर से खिंचवाओ, एक झटके में खुल जाएगी." ताईंच्या कानावर हे गेलं. त्यांनी शकीलभाईंना शांतपणे समजावलं की झटका दिला तर दट्ट्यांचे दांडे वाकतील, मग इंजिन सुटेल पण उपयोगाचं राहणार नाही. मी थक्क होऊन ऐकत होतो, कारण बाई माणसाशी शांतपणे बोलत होत्या. पण मग शकीलभाई गाडीखाली बघायला वाकले, आणि ताईंनी असा आवाज लावला की समोरच्या घरातले प्राचार्य बाहेर आले. शकीलभाई जे गेले ते पाना इथेच विसरून गेले.

होळी तीन आठवड्यांवर आली आणि वहीत अजून 'नाही'च. ताईंचं जेवण कमी झालं. सुनीता भाजी घेऊन खाली जायची आणि तशीच परत आणायची. आता मी घाबरट आहे, पण माणूस आहे. मला बघवेना. एका सकाळी ताई बँकेत गेल्या असताना मी खाली उतरलो, हँडलच्या दांड्यावर पाच फुटी पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. रेघ हलली नाही. हँडल वाकलं, पाइप सटकला आणि मी पेरूच्या आळ्यात पालथा पडलो. डोकं वर केलं तर फाटकात ताई.

मी डोळे मिटून घेतले. मोठी तोफ डागली जाणार याची खात्री होती. काहीच आवाज झाला नाही. डोळे उघडले तर ताई पोर्चच्या पायरीवर बसलेल्या, वाकलेलं हँडल मांडीवर. मी चिखल पुसत माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानं थांबवलं.

"देशकर, मी एकदाच जोर लावला आयुष्यात," त्या म्हणाल्या. "लोखंडावर नाही."

मग हँडल माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. हँडल मी शकीलभाईंकडे नेलं. त्यांनी तापवून सरळ करून दिलं आणि त्यांच्यावर आवाज चढवणाऱ्या बाईंबद्दल एक शब्द वाकडा काढला नाही.

होळीच्या आठवडाभर आधी, सकाळी सव्वाआठला खालून हाक आली. हाक कसली, आरोळीच होती ती. मी एका पायात चप्पल घालून उतरलो, मागे सुनीता, हातात कणीक. ताई जमिनीवर बसल्या होत्या आणि बोटानं चाकाकडे दाखवत होत्या. दोन रेघा समोरासमोर नव्हत्या. तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडला होता. अन् ताई हसत होत्या. सुनीता नंतर म्हणाली की नऊ वर्षांत तिनं या बाईंचे दात पहिल्यांदा पाहिले. मग ताईंना भान आलं, त्यांनी आम्हाला पुढे सरकून उजेड का अडवता म्हणून झापलं, आणि वहीत लिहिलं, 'हललं'.

पुढे सगळं सोपं होतं असं नाही. तांदळाएवढं पुढे, तेवढंच मागे, पुन्हा औषध. दुसऱ्या दिवशी बोटभर. चौथ्या दिवशी पाव फेरा. होळीला गल्लीत रंग चालला होता आणि ही बाई हिरव्या-गुलाबी तोंडानं हँडल धरून पुढे-मागे करत होती. शनिवारी, म्हणजे अनघा यायच्या आदल्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण एक फेरा फिरलं. आतून करकर ऐकू आली. ताई म्हणाल्या, अजून पुष्कळ काम आहे, ही काही लगेच सुरू होणार नाही, पण फिरलं. मला वाटलं, झालं. आता ती मुलगी येईल, ताई तिला म्हणतील, बघ, गाडीला काही झालेलं नाही, मागचं विसर. दोघी रडतील, सुनीता शिरा करेल. मी मनातल्या मनात शिऱ्यापर्यंत पोचलो होतो.

तेवढ्यात ताईंनी माझ्या हातात टॉर्च दिली. "देशकर, खाली जा. काय दिसतं ते सांगा."

दोन महिने जिथे कुणाला वाकू दिलं नाही तिथे मला पाठवत होत्या. मी जुन्या सतरंजीवर पाठ टेकून सरकत गेलो. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं, तेलाची टाकीच म्हणा. त्याच्या बुडाला एक मोठा बोल्ट असतो. तो काढला की जुनं तेल वाहून जातं आणि नवं तेल घालायच्या आधी तो पुन्हा आवळायचा असतो. एवढं मला ताईंनीच शिकवलं होतं. मी टॉर्च मारली. बोल्ट नव्हता. भोकात एक काळी पडलेली चिंधी कोंबली होती. मी तसंच ओरडून सांगितलं की ताई, इथे बोल्टच नाही, कुणीतरी चोरला.

"चोरला नाही," त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते, आवाज वरून येत होता. "रस्त्यात पडला. मी आवळलाच नव्हता."

मी तिथेच पडून राहिलो. ताई उभ्या राहून सांगत होत्या, कारखान्यात वरच्या साहेबाला अहवाल द्यावा तशा. अनघा सांचीला गेली त्याच्या आदल्या दिवशी तेल त्यांनीच बदललं होतं. जुनं तेल काढलं, बोल्ट बोटांनी दोन फेरे बसवला, वरून नवं तेल भरलं, आता पाना लावणार तेवढ्यात फाटकावर दूधवाला आला. दुधात पाणी आहे म्हणून त्याच्याशी भांडायला उठल्या. भांडण चांगलं तासभर रंगलं. परत आल्या त्या थेट आंघोळीला. दुसऱ्या दिवशी पोरीनं गाडी नेली. हादऱ्यानं बोल्ट सुटला, तेल वाहून गेलं, इंजिन कोरडं पडलं आणि जाम झालं. दिवा तिला दिसला नाही खरं, पण मुळात चूक तिची नव्हतीच.

"हे तुम्हाला कळलं कधी?" मी गाडीखालूनच विचारलं. बाहेर येऊन त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर मला नव्हता.

"त्याच संध्याकाळी. तिला बोलून झालं होतं. मग टॉर्च घेऊन खाली गेले, तुम्ही आहात तिथेच. भोक दिसलं. ती पायरीवर बसून रडत होती, मला तिथून तिचे पाय दिसत होते." मग त्या म्हणाल्या, "बाहेर येऊन सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी चिंधी कोंबली."

एवढ्या वर्षांत मला बसलेले सगळे धक्के या एका धक्क्यापुढे काहीच नव्हते. ज्या बाईनं तीस वर्षं जगाची खोट पकडली, तिनं स्वतःची पकडली आणि वर ताडपत्री टाकली. मला राग आला. खरंच सांगतो, फार राग आला. त्या पोरीला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तिच्या बाजूनं आला. आणि मग हेही लक्षात आलं की गाडी कबाडीला दिली असती तर कुणाला कधी काही कळलंच नसतं. ती त्यांनी दिली नव्हती.

मी बाहेर आलो तेव्हा एवढंच म्हणालो की ताई, इंजिन तर आता फिरलं आहे, उद्या नुसतं तेच दाखवा, बाकीचं कशाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं. फिरलेलं इंजिन दाखवायचं नव्हतं, म्हणाल्या. जाम इंजिन तसंच ठेवून चूक कबूल केली तर ती नुसती बडबड झाली असती. आधी दुरुस्ती, मग अहवाल, हीच पद्धत.

रविवारी अकराला टॅक्सी आली. अनघा चाळिशीची, केसांत पांढऱ्या बटा, डोळ्यांवर चष्मा, ताईंसारखीच उंच. टॅक्सीवाल्याला तासभर थांबायला सांगून आत आली. ताईंनी आम्हा दोघांनाही मुद्दाम बसवून घेतलं होतं. माझ्या मते त्यांना साक्षीदार हवे होते. सुनीतानं चहा ठेवला. अनघानं कप उचलायच्या आतच ताई उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. तेल, बोल्ट, दूधवाला, टॉर्च, चिंधी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. माफ कर असंही म्हणाल्या नाहीत. "चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी कळली होती," एवढं म्हणून थांबल्या, आणि उभ्याच राहिल्या.

अनघा कपाकडे बघत बसली. मला वाटलं, ही आता उठून जाणार. जायलाच हवं, असंही वाटलं.

"मावशी," ती म्हणाली, "मी त्यानंतर गाडी चालवली नाही. कधीच नाही. घरात मिक्सरसुद्धा नवरा लावतो. मला वाटतं, मी हात लावला की बंद पडेल."

ताईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो घट्ट झाला. सुनीता तोंडाला पदर लावून आत गेली.  मग अनघा उठली आणि बाहेर गेली. आम्हाला फाटक वाजेल असं वाटलं, पण वाजलं ते गाडीचं दार. मी खिडकीतून बघितलं. ती उंदरांनी कुरतडलेल्या सीटवर, स्टिअरिंगच्या मागे बसली होती. दोन्ही हात मांडीवर. बराच वेळ तशीच. मग एक हात उचलून तिनं स्टिअरिंगवर ठेवला.

ताई दारात येऊन थबकल्या. पुढे जावं की नाही, हे या बाईला कळत नव्हतं. हेही मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी अनघानंच आतून हात लांब करून बाजूचं दार ढकललं. ते गंजून अडलं होतं, अर्धंच उघडलं. ताई अंग चोरून त्या फटीतून आत शिरल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

तास होऊन गेला तसा टॅक्सीवाला फाटकाशी आला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं की मैडमना अजून वेळ लागेल. त्यानं पोर्चकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी तो चल नहीं रही. फिर ये दोनों जा कहाँ रही हैं?"  तेवढ्यात गाडीतून रडण्याचा आवाज आला, मोठा, एकोणीस वर्षं कोंडलेला, आणि तो ताईंचा होता. अनघा हळू आवाजात काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं.

मी टॅक्सीवाल्याला विचारलं, चहा घेणार का. तो म्हणाला, घेतो. सुनीतानं दोन कप बाहेर आणून दिले. आम्ही दोघं फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो आणि ते पिऊन संपल्यावरही बराच वेळ मागे वळलो नाही.